चढावरची तीनचाकी

...आणि सायलेन्सर बदलायचाच होता तर रस्त्यावर बदलावा की नाही? पण नाही, आमच्या मेहुण्याने मोटरसायकल थेट पुढच्या खोलीत घेतली. दोन चाकांची असती तर भिंतीला टेकून निमूट उभी राहिली असती बिचारी, पण आमची तीन चाकांची, पुढे एक, मागे दोन, आणि मागच्या दोघांवर पाठ असलेली रुंद सीट. दाराची चौकट खरवडत आत आली, आणि आल्यावर खोलीत एक तर गाडी राहील नाहीतर माणसं, अशी गत झाली. मी जेवलो ते गाडीच्या सीटवर बसून. पण मी काही बोललो नाही. मी मुळातच कमी बोलतो.

आता तुम्ही म्हणाल, चांगली चालती गाडी, तिचा सायलेन्सर कशाला बदलायचा? तेच तर सांगतोय. आमचा दवाखाना टेकडीवर आहे. छातीचा दवाखाना. मला सांगा, छातीचा दवाखाना कुणी टेकडीवर बांधतं का? ज्याला धाप लागते त्याने धापेचं औषध आणायला चढ चढायचा... असो. आणि छाती कुणाची, तर हिची. ही गाद्यांच्या कारखान्यात कापूस भरायची, मी शिवायचो, तिथलंच आमचं लग्न. आम्ही केलेल्या गाद्यांवर लोक सुखाने झोपले, आणि जेवढा कापूस गादीत गेला नाही तेवढा हिच्या छातीत जाऊन बसला.

दोन चाकांवर हिला तोल सांभाळवेना म्हणून ही तीनचाकी घेतली. सीटला पाठ मी शिवली, आत दुप्पट भरण घालून. वारं आणि धूळ लागू नये म्हणून वर जाड कापडाचा टप शिवला, तिन्ही बाजूंनी बंद, समोर तेवढा उघडा. आत बसली की ही म्हणायची, "अहो, मला नवरी करून नेताय की टपालाची पिशवी करून?" मी काही बोललो नाही. पण टाके बघा त्याचे, एक उसवायचा नाही.

तर मागच्या खेपेला अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. मी उतरलो आणि ढकलायला लागलो. ही आतून, "अहो, मी उतरते." म्हटलं, बस. "अहो, पडाल." म्हटलं, बस. एवढं बोलण्यातही हिला धाप लागलेली, मला ढकलून लागलेली, आणि गाडी नुसतीच फुसफुसत उभी... तिघांपैकी आधी कोण जातंय तेच कळेना. आणि ही चालत चढू शकत नाही, म्हणजे गाडी चढली नाही तर दवाखाना नाही. दवाखाना नाही तर... पुढचं मी कुणाशी बोललो नाही.

मेहुण्याला बोलावलं. हिचा धाकटा भाऊ. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, त्यामुळे ज्या वस्तूला नळी असते ती आपली, असं त्याचं मत. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दोनदा टिचकी वाजवली आणि म्हणाला, "दाजी, गाडी गुदमरलीय. हिचं नाक बारीक, तोंड बारीक, जीव कसा घेणार? पंप काय आणि इंजिन काय, आत मोकळं घ्यायचं, बाहेर मोकळं टाकायचं." हे तो हिच्या खोलीच्या दारात उभा राहून, मोठ्याने. आतून ही म्हणाली, "बाळ, तुझ्याकडे एखादं नाक जास्तीचं असेल तर मलाही बसव." दोघं भाऊबहीण हसले. मी पाना धरून उभा.

मग काय विचारता... हवा येण्याच्या वाटेवर एक काळी पेटी होती, ती काढली. "कशाला हवी ही? कंपनीने उगाच अडवून ठेवलीय." तिच्या जागी गाजरासारखा निमुळता, उघडा फिल्टर लावला. सायलेन्सर काढला, लांबलचक होता, आतून काजळीने बुजलेला. त्या जागी आखूड, जाडजूड नळकांडं. चालू केली, तर गाडी शिंकायला लागली, फट्, फट्. "हवा वाढली, आता पेट्रोलही वाढवायला पाहिजे," असं म्हणत कार्बोरेटरमधली बारीक पितळी जेट बदलली, मोठ्या भोकाची घातली. घालताना ती पडली कपाटाखाली, मग कपाट सरकवलं. कपाट सरकवायला गाडी सरकवली, गाडी सरकवायला मी दाराबाहेर गेलो. स्वतःच्या घराबाहेर उभा राहून मी पाना आत देत होतो. बोललो का काही? नाही.

आणि मग ती गरजली. तुम्हाला सांगतो, खिडकीची काच हलली. मेहुणा म्हणाला, "बघा दाजी, मोकळा श्वास." म्हटलं, श्वास कसला, ही तर हाणामारी. पण मनात म्हटलं.

"आता ताईच्या जागी मी बसतो, चढावर नेऊन बघा," म्हणाला आणि शिरला टपात. गाडी काय निघाली म्हणता. जिथे मान टाकायची तिथे गाडीने मानही वळवली नाही. मागून मेहुणा टपावर धपाधप थापा मारायला लागला. मला वाटलं, खुशीत आलाय. मी मूठ आणखी पिळली. तो आणखी जोरात थापा मारतोय, काहीतरी ओरडतोय, पण त्या आवाजात कोण कुणाचं ऐकतो? थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेली. मागे वळून बघतो तर टपातून आधी धूर उतरला, मग मेहुणा. डोळे लाल, तोंडातून शब्द नाही. त्याला गप्प बसलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

झालं होतं काय, जुना सायलेन्सर लांब, धूर पार मागे टाकायचा. हे नवं नळकांडं आखूड, सीटखालीच संपलेलं. आणि वर माझा टप, वाऱ्याची एक झुळूक आरपार जाणार नाही असा. त्याने धूर मोकळा केला आणि मी तो सांभाळून धरला. दोघांचंही काम चोख. जागेवर ही असती तर... मी आधी गाडी बंद केली. मेहुणा खोकत खोकत म्हणाला, "दाजी, शिलाई मात्र पक्की आहे हं तुमची."

मग त्याने पंपाचा एक पाइप जोडला, मागच्या चाकांच्याही पलीकडे काढला. दवाखान्याच्या नेमाच्या दिवशी हिला बसवलं. टपात आधी मी स्वतः नाक घालून बघितलं. आणि गाडी चढली. एकदाही थांबली नाही. ही मागून, "अहो, हळू, दवाखाना काही पळून जात नाही." मी वर पोचलो तो असा, जणू लढाई मारून आलोय.

डॉक्टरांनी हिला तपासलं, मला बाहेर घेतलं. म्हणाले, "आजोबा, आता यांना वर आणत जाऊ नका. घरीच ऑक्सिजन लावू." मला वाटलं, त्यांना मागची खेप कुणीतरी सांगितली असणार. म्हटलं, "डॉक्टर, आता चढते गाडी. सायलेन्सर बदललाय, फिल्टर बदललाय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडीचा प्रश्न नाही, आजोबा."

मी काही बोललो नाही.

आता घरी खाटेशेजारी सिलिंडर आहे, हिच्या नाकाला नळी आहे. मेहुणा येतो, नळी नीट बसलीय का बघतो, आणि दुसरं काही सुचत नाही म्हणून विचारतो, "ताई, चढावर कशी ओढली गं गाडी?" ही म्हणते, "पाखरासारखी." आणि मला म्हणते, "अहो, उभी राहून गंजेल ती. बाळ एवढा राबलाय. रोज एक चक्कर वर मारून या. मला इथून ऐकू येतं तुम्ही कुठवर पोचलात ते." त्या आवाजाचा उपयोग झाला तो असा. परत आलो की डोळे मिटूनच सांगते, "वळणावर गिअर उशिरा टाकलात."

म्हणून मी रोज जातो. टप रिकामा, गाडी गरजत चढते, कुठे अडत नाही. वर पोचलो, फाटकाला वळसा घातला, की खाली आलो. काल फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं. टपात वाकून बघितलं. म्हणाला, "आजोबा, रोज येता, पेशंट कुठाय?"

म्हटलं, "पेशंट घरी आहे. गाडी बरी झाली, तेवढं सांगायला येतो."