फुटलेली मूळ संख्या

—हात सैल सोडा, आखडू नका, नाहीतर बाही तोकडी पडेल. हां, असं. पडदा जरा ओढून घेते हं — हल्ली दारासमोर कुणी नुसतं थांबलं तरी छातीत धडधडतं. तुम्ही धाकट्याचे शाळासोबती, आपणहून चौकशी केलीत, म्हणून सांगते, एरवी मी भावाबद्दल कुणाजवळ तोंड उघडत नाही. धरणाच्या दरवाजांना संगणकाची कुलपं असतात ना, ती तपासायची त्याची नोकरी. त्या कुलपांच्या मुळाशी म्हणे एकच संख्या — लिहायला घेतली तर पानभर जाईल अशी — आणि ती मूळ संख्या. म्हणजे काय? मीही हेच विचारलं! म्हणजे एक आणि ती स्वतः, या दोघांशिवाय कशानेही तिला पुरता भाग जात नाही. सात कशी, तेरा कशी, तशी. ती फुटत नाही म्हणून कुलूप टिकतं. पण एवढ्या मोठ्या संख्येला एकेका आकड्याने भागून बघायचं तर जन्म पुरायचा नाही — मग हे लोक तिची चाचणी घेतात, पास झाली की झाली मूळ. आणि काही संख्या लबाड असतात हो! चाचणीत पास आणि आतून फुटक्या.

तर ही तसलीच निघाली, धाकट्याच्या हातून फुटली. जेवायला बसला होता, घास हातात तसाच — "ताई, दोन तुकडे झाले गं तिचे." मला वाटलं, आनंदाने रडतोय. कसला आनंद! भरलं ताट सारून उठला. ते दोन तुकडे, म्हणजे तिचे भाजक, ज्याला कळतील तो धरण उघडणार, आणि खाली ही सगळी वस्ती, शाळा, माझं दुकान. वरिष्ठांना सांगितलं, तर म्हणाले, कुलपं बदलेपर्यंत ब्र काढू नकोस. पण बातमी फुटलीच — कोण कुठल्या माणसांचे फोन यायला लागले, भाजक सांग म्हणून. लिहून कुठे ठेवलेत? नुसते पाठ! "ताई, विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही गं." झोपेत पुटपुटेन या भीतीने तोंडाला फडकं बांधून निजायचा. बघवेना मला. शेवटी मीच म्हटलं, ऊठ, आत्याकडे जा, त्या वीटभट्टीमागच्या घरात कोण मरायला येतंय शोधायला —

काय झालं? टाचणी टोचली? नाही? मग असे एकदम वळलात का?

कुठली भट्टी? छे, भट्टी कुठे म्हटलं मी... एक सांगा, शाळेत तो तोतरं बोलायचा, सगळे त्याला काय म्हणून चिडवायचे? वर्गातलं पोर न् पोर चिडवायचं. सांगा ना. नुसते हसू नका.

कोट काढा. काढा म्हणते ना! अहो, मी बडबडी बाई, गिऱ्हाइकाचा वेळ जावा म्हणून काहीबाही रचून सांगते. आत्याबित्या कुणी नाही मला. भाऊ? कुठला भाऊ? एकुलती एक मी. दुकान बंद झालंय, निघा तुम्ही — अहो, फोन कुणाला लावताय?