चंगीझखानाच्या आईला न आलेलं बोलावणं

लंडनमध्ये एजवेअरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक आजी आणि तिची नात बोलत होत्या.

"आजी, हिस्टरीमध्ये आज चंगीझखान होता. तो छोटा होता तेव्हा त्याचे डॅड मेले. मग अँसेस्टर्सची पूजा झाली, तर त्याच्या मम्मीला जेवायला बोलावलंच नाही."

"कोणी?"

"ट्राइबमधल्या मोठ्या बायकांनी. आणि नंतर सगळे तिला सोडून निघून गेले."

"पोराबाळांसकट? नवरा गेला हा काय तिचा गुन्हा? लाज कशी वाटली नाही मेल्यांना!"

"आजी, मग शनिवारी आपल्या हळदीकुंकूला आसावरीकाकू का नाही येणार?"

"ते वेगळं."

"अवधूतकाका गेले म्हणून?"

"बेल दाब. स्टॉप आला आपला."

"कुठे आला, आजी?"