मालक साइटवरून गेले, त्याची गोष्ट

नाही, पण तुम्हीच सांगा, घरात कोळ्याचं जाळं दिसलं तर माणूस केरसुणी उचलतो की जाळ्याला हात जोडून पुढे जातो? केरसुणी उचलतो ना? मग मी दुसरं काय केलं हो? आवरलं! फक्त आवरलं! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही... आणि तुम्ही माझ्या डोक्याकडे बघून हसताय. हसा. हे टक्कल नाही, ही नोकरी आहे. सांगतो, तिथेही येतो, पण आधी मूळ दुखणं ऐका.

तर आमचा कुलपांचा कारखाना. दाराची कुलपं, कपाटाची कुलपं, सायकलची कुलपं. आणि मी तिथला कॉम्प्युटरचा माणूस. म्हणजे काय, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, पंखा फिरेना की मी, कारण काय तर म्हणे "त्यालाही वायरच असते ना!" आणि या सगळ्यातून जीव वाचलाच तर कंपनीची वेबसाइट.

आता वेबसाइट म्हणजे तुम्हाला दिसते ती कुलपांची चित्रं, किमती वगैरे. पण त्याच्या मागे असतो सर्व्हर. सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस समजा. कोण आलं, कुठून आलं, त्याला कुठल्या खोलीत न्यायचं, हे तो बघतो. आणि हे सगळं त्याला लिहून द्यावं लागतं एका फाइलीत, तिला म्हणतात कॉन्फिग. नवीन दुकानात ही फाइल असते पानभर. आमची? अहो, मारुतीचं शेपूट! खाली जावं, खाली जावं, माउसचं चाक गरम व्हायचं पण फाइल संपायची नाही!

कारण माझ्या आधीचा गडी. त्याला सगळे ठिगळ्या म्हणायचे. काही बिघडलं की बिघाड शोधायचा नाही, वरून एक ठिगळ लावायचं. कुठल्या तरी प्रदर्शनासाठी केलेली सोय, प्रदर्शन होऊन युगं लोटली, सोय तिथेच. बंद पडलेल्या कुलपाचं पान मागितलं की दुसऱ्या पानाकडे पाठव, ते दुसरंही बंद, म्हणून तिसऱ्याकडे पाठव, आणि तिसरं कुठे पाठवतं माहितीये? पहिल्याकडे! गिऱ्हाईक बिचारं गोल गोल फिरतंय, घाण्याच्या बैलासारखं! पुढे हा ठिगळ्या नोकरी सोडून शोभेच्या माशांचं दुकान टाकून बसला. माशांना कॉन्फिग नसते, हे त्याला बरोबर कळलं.

तर साइट अशी चालायची की पान उघडेपर्यंत माणसाला चोर आठवायचा नाही आणि कुलूपही. आमच्या विक्रीच्या ताई, त्यांचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा, त्या आल्या, "अहो, गिऱ्हाइकं कंटाळून जातात! काहीतरी करा!" मी म्हटलं, करतो. आवरतो.

आणि तुम्हाला सांगतो, आवरलं! एकेक ओळ वाचली, ही कशाला आहे, कुणाला लागते, लागत नाही ना, उड! काय सुख असतं हो त्यात! जुनं काढून टाकताना माणसाला जी नशा चढते ना... आमच्या घरी कपाट आवरताना आमच्या सौभाग्यवती माझे सदरे काढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, तेच माझ्या चेहऱ्यावर.

त्यात एक ओळ दिसली. म्हणजे काय, की नेटच्या अमुक दोन पत्त्यांवरून कुणी आलं तर त्याला 'जुनी' नावाच्या खोलीत ने. बाकी जगाला पुढच्या दाराने आत घे. का? काही लिहिलेलं नाही. म्हणून मी त्या जुन्या खोलीत डोकावलो. आणि बघतो तर काय... साइट! आमचीच साइट, पण पणजोबांच्या काळातली! मधोमध एक किल्ली गरगर फिरतेय, वरून अक्षरं सरकतायत उजवीकडून डावीकडे, 'आमचे कुलूप, आपली झोप', मागे लिफ्टमध्ये वाजतं तसलं संगीत, आणि पानभर मालकांचा फोटो! तरुण मालक, जाड मिशी, दाराएवढ्या एका कुलपावर कोपर टेकून उभे, अशा थाटात की जणू ते कुलूप त्यांनी शिकारीत मारलंय.

आता मला काय वाटेल? तुम्हाला काय वाटलं असतं? अडगळ! मी हसलो, एक प्रत बाजूला ठेवली, हो, तेवढी अक्कल आहे मला, आणि ती ओळ काढली. खोली साफ. फाइल पानभर! साइट अशी पळायला लागली की ताई स्वतः चहा घेऊन आल्या. ताई! चहा! माझ्यासाठी! मी त्या दिवशी घरी गेलो तो गाणं गुणगुणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पाऊल टाकतो तर ताई दारातच, पांढऱ्याफटक.

"मालक गेले!"

माझ्या हातातला डबा पडला. "अरेरे! कधी? काल तर चांगले..."

"साइटवरून गेले हो! आत्ता त्यांचा घरून फोन आला, फोटो गेला! तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, मी? आवरलं! फक्त आवरलं!

तेव्हा ताईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि त्यांचा तो भोंगा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू वाजवला. झालं होतं असं, की मागे नवीन साइट केली तेव्हा मालक हटून बसले, "माझा फोटो नाही ती साइट माझी नाही." आणि फोटो ठेवला तर कुलपं कुठे ठेवायची? मग ठिगळ्याने युक्ती काढली. मालकांच्या केबिनमधून आणि मालकांच्या घरून बघितलं की जुनी साइट दिसेल. बाकी जगाला नवीन. मालक फोनवर कधी बघत नाहीत, "फोन बोलायला असतो" म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं सगळ्या कारखान्याला माहीत, गेटवरच्या पहारेकऱ्याला माहीत, पावडर कोटिंगवाल्यांना माहीत, आणि माहीत नाही कुणाला? मालकांना! आणि मला! मला कुणी सांगितलंच नाही! का, तर "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल." वा!

तेवढ्यात मालक आलेच. तुम्हाला सांगतो, माणूस चिडला की लाल होतो, हे जांभळे झाले होते.

"कुणी काढलं मला? माझ्याच कारखान्यातून मला कुणी काढलं?"

सगळी कचेरी एकदम कामाला लागली. ज्यांच्याकडे काम नव्हतं तेही लागले. एक जण तर बंद कॉम्प्युटरवर टाइप करत होता.

मी म्हटलं, "साहेब, तांत्रिक... जरा... आत्ता लावतो."

"लाव! आणि ऐक, यापुढे मी जाईन तिथे साइट उघडून बघणार! ज्याच्या त्याच्या फोनवर बघणार! एकदा जरी दिसलो नाही तर तू पण दिसणार नाहीस!"

लावली परत. ओळ लावली, खोली लावली, किल्ली फिरली, संगीत वाजलं. मी ठिगळ्याला फोन केला, म्हटलं, अरे ती ओळ... तर तो पलीकडे हसतोय, हसतोय, मागे पाण्याचे बुडबुडे वाजतायत. "ती काढलीस? बाबा रे, बाकी काहीही काढ, ती मालकीणबाईंची ओळ आहे!"

मालकीणबाईंची? आणि बघा, त्याच संध्याकाळी बाईंचा फोन. आवाज मऊ, साय लावल्यासारखा.

"अहो, तुम्हीच ना ते आवरणारे? ती ओळ मीच घालायला लावली होती बरं. तो फोटो मी काढलाय यांचा. यांचा जीव आहे त्याच्यात. नाही दिसला तर हे खचतील हो. आता ऐका, उद्या हे केस कापायला जाणार आहेत."

मी म्हटलं, "बरं... जाऊ देत की."

"म्हणजे तिथे त्या केशकर्तनवाल्याच्या फोनवर बघणार ना! तिथेही दिसायला हवा. बघा हं तेवढं."

बघा हं तेवढं! म्हणायला काय जातं? अहो, त्या दुकानातलं नेट कुठल्या पत्त्यावरून येतं हे मला घरबसल्या कसं कळणार? तिथे जाऊन बसावं लागतं! आणि केशकर्तनालयात नुसतं बसू देतात का? गेलो. कापून घेतले. कापता कापता पत्ता काढला, कॉन्फिगमध्ये एक ओळ वाढवली. दोन दिवसांनी बाई, "हे दाताच्या डॉक्टरकडे जाणार आहेत." गेलो. डॉक्टर म्हणाले, काय होतंय? मी काय सांगू, ओळ वाढवायचीय? म्हटलं, इथे दुखतंय. त्यांनी बघितलं, ठोकलं, आणि काढला की हो दात! चांगला चालता दात! एक ओळ, एक दात! मग चष्म्याचं दुकान, मग मालकांच्या विहिणबाईंचं घर. मी विहिणबाईंच्या दारात उभा, म्हटलं, नेट तपासायला आलोय, त्या म्हणाल्या, आम्ही बोलावलं नाही. मी म्हटलं, मलाही कुणी बोलावलं नव्हतं हो, मी फक्त आवरत होतो!

बरं, हे पत्ते काय कायमचे असतात? बदलतात मेले! बदलला की परत जा. परत केस काप. आणि त्यात नवीन भानगड, दातांच्या दवाखान्यात बसलेल्या एका बिचाऱ्या पेशंटने आमची साइट उघडली, त्याला कुलूप हवं होतं, आणि सगळ्या शांततेत एकदम संगीत सुरू आणि पानभर मिशी! तो माणूस न दुखता ओरडला म्हणे. ताईंचा भोंगा परत सुरू, "साइट परत हळू झाली! अहो, ती फाइल केवढी वाढलीय!" वाढणारच! पानभर होती ती आता पुन्हा शेपूट झाली, आणि प्रत्येक ओळीमागे माझा एक अवयव!

शेवटी एकदा असाच केशकर्तनालयात बसलो होतो. न्हाव्याने डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "साहेब, आता कापायचं काय?" तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला टॉवेल बोलला, "अरे, तू परवाच येऊन गेलास ना? हा सांगत होता."

टॉवेलखाली मालक!

मालकांनी न्हाव्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळले. अर्ध्या तोंडाला साबण.

"कशाला धावतोस रे? मला माहितीये."

"काय साहेब?"

"सगळंच. ती नवी साइट मी कधीच बघितलीये, इथेच, याच खुर्चीत, न्हाव्याच्या फोनवर. चांगलीये. कुलूप विकायचं तर कुलूप दिसायला पाहिजे, माझं थोबाड बघून कोण घेणार? दोन दिवस घुसमटलो. मग लक्षात आलं, हे आमच्या हिचं काम. मला वाईट वाटू नये म्हणून. आता ती रोज सकाळी चहा घेऊन माझ्यामागे उभी राहते, मी साइट उघडतो, ते संगीत वाजतं, आणि ती हसते. तिने काढलाय ना तो फोटो. मग मी काय म्हणू? बंद कर म्हणू?"

मी म्हटलं, "अहो, पण मग त्या दिवशी कचेरीत एवढा आरडाओरडा..."

"सकाळी घरी ती मागे उभी होती! साइट उघडली तर मी गायब! तिचा चेहरा एवढासा झाला. मला चिडावंच लागलं. आणि घरी चिडलो म्हटल्यावर कचेरीतही चिडायला नको? तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्यापासून लपवताय, तुमचा हिरमोड कशाला करू?"

"आणि जाल तिथे बघणार म्हणालात ते?"

"रागात माणूस काहीही बोलतो. त्यानंतर एकदा तरी बघितलं का कुणाच्या फोनवर? विचार न्हाव्याला! तूच गावभर मुंडण करत फिरतोयस!"

आता माझ्या मनात काय आलं असेल? आनंद! म्हटलं, झालं, सुटलो! मालकांना नको, जगाला नको, ताईंना नको, बाईंनाही मालकांसाठीच हवी होती... म्हणजे ती ओळ कुणालाच नकोय! मी अगदी अदबीने विचारलं, "मग साहेब, काढून टाकू?"

मालकांनी साबणाचा फेस पुसला. डोळे जरा ओले दिसले, साबण गेला असेल. म्हणाले, "बाकीच्या काढ. घरची ठेव. आणि ऐक, गुरुवारी हिचा वाढदिवस आहे. त्या पानावर माझ्याशेजारी हिचा एक फोटो लाव. मी काढलेला आहे एक, पाठवतो. हलला आहे जरा. पण लाव."

बाकीच्या ओळी काढल्या, दाताची काढली, विहिणबाईंची काढली. घरची ठेवली. बाईंचा फोटो लावला, हललेला.

आता आमच्या दोन साइट्स आहेत. एक जगासाठी, तिच्यावर दिवसभर लोक येतात, कुलपं घेतात, जातात, कुणाचं काही म्हणणं नाही. दुसरी फक्त त्या दोघांसाठी. रोज सकाळी एकदा उघडते, एकच गिऱ्हाईक, मागे चहा घेऊन उभं असलेलं दुसरं, आणि जेवढ्या म्हणून तक्रारी येतात ना, सगळ्या तिच्याच!

आज सकाळीही आली. बाईंचा फोन.

"अहो, फोटो छान लावलात हो. जगाला नाही दिसला तरी चालेल, यांना दिसतो, बास. पण मला एक सांगा... माझा यांच्यापेक्षा लहान का?"

केला मोठा. काय करता!