तात्या जीपमधून उतरेनात

आमचे आमदार मंगळवेढ्याकडचं एकही लग्न चुकवायचे नाहीत, बरं का. आमच्या गावच्या लग्नात माईक धरून म्हणाले, "अधिवेशनात पहिला प्रश्न तुमच्या यष्टीचा!" तात्या पाटील गुपचूप त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. साहेबांना वाटलं, वाटेत उतरतील. पुढच्या गावात पहिला प्रश्न पुलाचा झाला, त्यापुढच्या लग्नात विहिरीचा. तात्या दोन्हीकडं पहिल्या रांगेत.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "तात्या, आता उतरा की."

"कशाला? यष्टी सुरू हुईस्तवर आमच्या गावाला हीच गाडी हाय. उद्या बायकामानसं बी येत्यात, बाजारला."

अधिवेशनात साहेबांनी पहिलं तोंड उघडलं ते आमच्या यष्टीसाठीच. मुंबईला मात्र ते रेल्वेनं गेले. जीप आमच्या गावात होती.