नऊ जणांचं पान

(सांगली, १९९९. धर्मादाय दवाखान्याची नोंदखोली. दुपार.)

बायडाबाई : आन ही निळी अक्षरं कशापायी? खाली रेघ बी मारलीया.

दीक्षा : त्यावर दाबलं की दुसरं पान उघडतं, मावशी. हे यल्लाप्पांचं पान. यातून त्यांच्या गावाच्या पानावर जाता येतं, आजाराच्या, कामाच्या. डॉक्टरांनी सगळ्या जुन्या फायली कॉम्प्युटरवर अशा जोडायला सांगितल्यात.

बायडाबाई : मालक जाऊन दोन वर्सं झाली. आता त्यांचं काय जोडतीस?

दीक्षा : त्यासाठीच तुम्हाला निरोप धाडला. हे बघा, ‘काम’वर दाबते.

बायडाबाई : मला वाचाया येत न्हाई.

दीक्षा : ‘खडीमशीन’ असं आलंय. त्याखाली नऊ नावं आहेत. यल्लाप्पा, तात्याबा, मनुबाई...

बायडाबाई : तात्याबा आमच्याच आळीतला. मनुबाई पलूसची, पाट्या भरायची. समदी एकाच मशीनवर हुती.

दीक्षा : नऊही जण गेले. प्रत्येकाच्या कागदावर टीबी लिहिलाय, पण थुंकीत एकाच्याही सापडला नव्हता. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सगळ्यांचे छातीचे फोटो पुन्हा पाहिले. दगडाची धूळ बसली होती आत.

बायडाबाई : म्हंजी टीबी न्हवता?

दीक्षा : नव्हता.

बायडाबाई : मग दुसऱ्याला लागनारं बी न्हवतं.

दीक्षा : नाही, मावशी.

बायडाबाई : मी त्यांचं ताट येगळं केलं. हातरून गोठ्यात टाकलं. भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आन मागं सरायची. शेवटाला म्हनले, बायडे, वाईच बस की हितं. मी न्हाई बसले.

दीक्षा : तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत.

बायडाबाई : सांगितलं कुनी?

दीक्षा : आम्हीच. गावागावाच्या फायली वेगळ्या, कपाटं वेगळी. या नऊ फायली मीच लावल्या होत्या. एकेक वाचली की टीबीच वाटायचा. कामाचं पान केलं, तेव्हा सगळे एका जागी आले.

बायडाबाई : माझा बिराप्पा तितंच हाय आता.

दीक्षा : खडीमशीनवर?

बायडाबाई : बापाच्या जागी घेतला. मीच मुकादमाच्या पाया पडले. सकाळचा खोकतोय. मी म्हनायची, बिड्या कमी कर.

दीक्षा : उद्याच घेऊन या त्याला. फोटो काढू.

बायडाबाई : माज्या सांगन्यानं न्हाई यायचा. दुसरं काम कुठं हाय, म्हनंल. ही पानं छापून दे. सातवी शिकलाय, वाचंल.

दीक्षा : कागदावर दाबून काही उघडणार नाही, पण कुठून कुठं जायचं त्या रेघा मी पेनानं ओढून देते.

बायडाबाई : वड. आन तात्याबाचं पान वर ठेव. त्यानं बिराप्पाला तालमीत नेलं हुतं, त्याचं नाव बघून जरा थांबंल.

दीक्षा : यल्लाप्पांच्या पानावर घरच्यांची जागा रिकामी राहिलीय. कोणाकोणाला जोडू?

बायडाबाई : बिराप्पाला जोड. आन नात हाय, तानी. तिला पयली जोड. ते जिते असताना मी जवळ जाऊ दिली न्हवती.