गिऱ्हाईक तळमजल्यावर

भाडेकराराच्या नोंदणीची रांग होती. पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंद खाण्याच्या पदार्थांच्या फोटोंचे स्टुडिओ मांडून देणारी, भावजय पहिलाच स्टुडिओ काढणारी. मागच्या निवृत्त हिशेबनिसांनी पेपर उघडला, पण वाचला नाही.

“वन्सं, सल्ला आत्ता? एका माणसानंतर माझी सही आहे!”

“म्हणूनच आत्ता. स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर, कॅमेरा तळमजल्यावर. आइस्क्रीम पोचेल तरी का?”

“मी पळत आणीन.”

“काल पळून पाहिलंस ना?”

“पाहिलं. निम्मं जिन्यानंच खाल्लं. मग काय, जागा सोडू?”

“वेडी आहेस का! कॅमेरा वर ने. ओट्याजवळची खिडकी उत्तरेची आहे, दिवसभर मऊ उजेड.”

“अन् गिऱ्हाइकं?”

“तळमजल्यावर. सोफा दे, कॉफी दे.”

“त्यांना ‘पुदिना जरा डावीकडे घ्या’ म्हणायचं असतं हो!”

“म्हणू देत की. तीन जिने चढून येऊन म्हणू देत.”

“तोवर फोटो निघालेला!”

“आणि पुदिना मी खाल्लेला!”

“अहो बाई, हसताय काय? सही करायचीय की नाही?” खिडकीतून कारकून ओरडला.

“करायचीय!” दोघी एकदम म्हणाल्या. पेन मात्र दोघींपैकी एकीकडेही नव्हतं.

हिशेबनिसांनी जन्मात कुणाला न दिलेलं आपलं पेन टोपण काढून पुढे केलं.