दोनच तर वायरी

…आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्या हाताला घाई फार." माझ्या हाताला? अहो, तीस वर्षं या हाताने गेटं जोडली, खिडक्यांच्या जाळ्या जोडल्या, टाक्यांचे स्टँड जोडले, एक जोड सुटून कुणाच्या पायावर पडला नाही, आणि आता बाथरूममधल्या एका दांड्यापायी माझा हात घाईचा? आणि हे म्हणतंय कोण, तर आमचे हे. ज्यांनी चार दिवसांत स्टुलावरून बूड हलवलं नाही. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय की वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही. सल्ले द्यायचे नाहीत असंही सांगून टाकलं असतं तर डॉक्टरांचं काय गेलं असतं?

झालं काय, तर मामंजी पडले. माझे सासरे. वय ब्याऐंशी, बाथरूममध्ये पाय घसरला, उजव्या हाताचं हाड मोडलं आणि कंबरेला मुका मार. हात कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. दवाखान्यात मी चमच्याने भरवायला गेले तर चमचा हिसकावून घेतला, म्हणाले, "डावा शाबूत आहे अजून." असला माणूस. तुम्हाला सांगते, मी चौथी शिकून या घरात आले तेव्हा स्टोव्ह पेटवण्यापलीकडे माझी आगीशी ओळख नव्हती. या माणसाने माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला, डोळ्यांवर काच दिली आणि म्हणाला, "सूनबाई, भाकरी करपली तर कुत्र्याला घालता येते, जोड करपला तर माणूस मरतो." तेवढंच शिक्षण. बाकीचं त्यांच्याकडे बघून बघून.

तर सोमवारी डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी घरी न्या. आणि मामंजींनी जाहीर केलं, "बाथरूममध्ये धरायला दांडा बसला तर घरी येतो. सुनेने धरून मला नेऊन बसवायचं, हे व्हायचं नाही. दांडा नसेल तर लेकीकडे जातो." आणि वन्सं तर टपूनच बसलेल्या. म्हणजे माझ्या नणंदबाई, यांच्या थोरल्या बहीण. लगेच म्हणाल्या, "अगं राहू दे ना, कशाला तुला त्रास. माझ्याकडे दांडे आहेत, गरम पाणी आहे, खोलीसुद्धा रिकामी केलीय मी. आता तिकडेच राहू देत कायमचे." कायमचे. ऐकलंत ना? खोली रिकामी करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, वेल्डिंगच्या घरातला माणूस एका दांड्यासाठी घर सोडणार असेल तर दारावरची पाटी उतरवते मी आजच." तोंडातून गेलं. गेलं की गेलं.

आता तुम्ही म्हणाल, दांडाच ना, विकत मिळतो. मिळतो की. पण आमच्या बाथरूमची मागची भिंत अशी की टाचणी लावली तर शेजारी निघते. तिच्यावर माणसाचा भार टाकायचा तर पुढून एक पाय थेट जमिनीत हवा. तसला विकत मिळत नाही, करावा लागतो. आणि लोखंडाचा चालत नाही, पाण्यात गंजतो, म्हाताऱ्याची कातडी म्हणजे कागद, ओरखडली की आठ दिवस बरी होत नाही. म्हणजे स्टेनलेसचा. पातळ पाइप. मी आपल्या नेहमीच्या मशीनवर रॉडने जोडून बघितला, तर पाइपला ही भोकं. चाळणी झाली चाळणी.

गेले वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "बाई, पातळ स्टेनलेसला आर्गॉन लागतो, टिग म्हणतात त्याला." म्हटलं, "नवं मशीन घ्यायचं की काय?" तर हसला. "जुनं डीसी आहे ना? मग चालतंय. हा टॉर्च घ्या, म्हणजे याचा होल्डर, ही टंगस्टनची कांडी, हा गॅसचा बाटला, हे गॅस मोजायचं घड्याळ. घरी जायचं आणि काय, दोनच तर वायरी जोडायच्या." एका कागदावर लिहूनही दिलं, टॉर्च मायनसला, अर्थिंग, म्हणजे पाइपला चिमट्याने लावायची वायर, प्लसला. दोनच तर वायरी. या माणसाला एकदा दोन वायरींनी बांधून ठेवणार आहे मी.

घरी आले. आमचं मशीन तुम्ही बघितलेलं नाही. कपाटाएवढं. मामंजींनी ऐन जवानीत आणलेलं, आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. चालू केली की आधी कण्हते, मग खोकते, मग कामाला लागते, पण लागते. हिला पुढे वायरी लावायचे दोन नट, एक लाल रंगाचा, एक काळा. लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे मायनस, हे चौथीवालीलाही कळतं. आणि बघते तर काय, आपला नेहमीचा होल्डर काळ्यालाच. कधीपासून? मला तर आठवतसुद्धा नाही. नटावर रंगाचे थर चढलेले, कुणी हलवलेला नाही. मी म्हटलं, वा, नशीब काढलं, अदलाबदलसुद्धा नको. होल्डर काढायचा, टॉर्च तिथेच लावायचा. हे स्टुलावरून म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? दोनच तर वायरी." यांनी कधी म्हटलं होतं? दुकानदार म्हणाला होता. पण लग्नाला तीस वर्षं झाली की कोण काय म्हणालं याचा हिशेब ठेवू नये.

टॉर्चची टोपी नटात बसेना. तिला कापून तांब्याचा डोळा, म्हणजे भोकाची पट्टी, लावला. मंगळवार गेला. गॅसची नळी शूं शूं करायला लागली, साबणाचं पाणी लावून भोक शोधलं. बुधवारची दुपार गेली. मग टंगस्टनला पेन्सिलीसारखं टोक काढलं, कॉक फिरवून गॅस सोडला, चेहऱ्यावर काच ओढली, आगकाडी ओढतात तसं पाइपवर टोक ओढलं… आणि तुम्हाला सांगते, आग लागली. पण कुठे? पाइपला नाही, माझ्या टोकालाच! टंगस्टनचं टोक वितळून गोळा झालं, आगकाडीच्या गुलासारखं. पाइप आपला थंड. नुसता काळाठिक्कर पडला आणि माझ्याकडे बघत राहिला.

पुन्हा टोक काढलं. पुन्हा गोळा. दुकानदाराला फोन. "पंखा चालू असेल बाई, गॅस उडून जातोय." पंखा बंद. दार बंद. खिडकीला गोणपाट. आत भट्टी. पुन्हा गोळा. फोन. "टोक आडवं घासलं असेल, उभं घासा." उभं घासलं. गोळा. फोन. "पाइप पुसला नसेल." पुसला हो, बारशाला बाळ न्हाऊमाखू घालतात तसा पुसला. गोळा. फोन. "मग बाई, हाताची सवय. रॉड जळत जातो म्हणून तुम्ही हात पुढे रेटता, टंगस्टन जळत नाही, हात रेटू नका." आता हे खरं होतं, तेवढं मान्य करते. तीस वर्षं रॉड जळतोय, हात पुढे सरकतोय. हाताला कोण सांगणार? मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं. तरी गोळा. आणि हे म्हणतात, "अगं, दोनच तर वायरी, एवढं काय त्यात." मी टॉर्च खाली ठेवला, काच वर केली आणि नुसतं बघितलं. हे चहा करायला गेले. लग्नानंतर दुसऱ्यांदा.

गुरुवार उजाडला. सकाळी वन्संचा फोन. "काय गं, दांडा झाला? नाही म्हणजे, मी बाबांची चादर धुऊन वाळत घातलीय." मी म्हटलं, "नीट वाळू द्या." आणि फोन ठेवून शेडमध्ये उकिडवी बसले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे नाही, या गॅसला धूर कुठे असतो. रोज संध्याकाळी चारला मामंजी या शेडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लांबूनच माझा जोड ओळखतात, आवाजावरून. "सूनबाई, करंट जास्त झालाय, तळणीसारखा आवाज यायला पाहिजे." ती खुर्ची रिकामी राहणार कायमची, का, तर मला दोन वायरी जोडता येत नाहीत.

तशीच उठले, दवाखान्यात गेले. मामंजींना म्हटलं, "शरण आले, काय करायचं ते सांगा." सगळं सांगितलं. पाइप थंड, टोक वितळतंय. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "टॉर्च कुठल्या नटाला?"

"काळ्या. मायनसला."

"काळा मायनस कुणी सांगितलं?"

"अहो, सगळं जग सांगतं."

"जगाने म्हातारी उघडली होती का? पंचवीसेक वर्षांपूर्वी ती आतून जळाली. आतली तार मी नव्याने भरली. शेवटच्या दोन वायरी उलट बसल्या. परत कोण खोलणार, सोळा स्क्रू. म्हटलं, आपल्याला माहीत आहे ना, आपला लाल तो मायनस. होल्डर उचलून काळ्याला लावला, काम चालू."

तुम्हीच सांगा, मी काय करायचं? हसायचं की पलंगाला डोकं आपटायचं? म्हटलं, "मामंजी, पंचवीस वर्षं. पंचवीस वर्षांत एकदा सांगायचं नाही?"

"कुणी विचारलं?"

आणि मग मला शिकवतात कसे, गालातल्या गालात हसत. "आग निम्म्याहून जास्त प्लसकडे जाते, सूनबाई. तू प्लसला टॉर्च लावलास, तर टॉर्चच जळणार. काय, दोनच तर वायरी, उलट कर."

घ्या, मामंजीसुद्धा!

गेले, केल्या उलट. लाल काळं, काळं लाल. टोक ओढलं आणि काय सांगू, पाइपवर मसुराएवढं तळं झालं, चकचकीत, पाऱ्यासारखं. त्यात स्टेनलेसची तार टेकवत गेले, एक थेंब, दुसरा थेंब, माळ ओवावी तसा जोड. माझा मलाच खरा वाटेना. काच वर केली, हातोडी उचलली आणि ठाणकन हाणली. का? अहो, रॉडच्या जोडावरची खपली ठोकून काढायची असते ना, तीस वर्षांची सवय. इथे खपलीच नसते. दांड्याला हा एवढा खळगा. हे म्हणाले, "तुझ्या हाताला घाई फार." तिथून हे सुरू झालं बघा.

खळगा घासला, दांडा पुसला. शुक्रवारी सकाळी बसवला, चार बोल्ट मारून. मी स्वतः लोंबकळून बघितलं, हे लोंबकळले, हललासुद्धा नाही. दुपारी मामंजी आले. मागून वन्सं, हातात मामंजींच्या कपड्यांची पिशवी, जाताना परत न्यायची म्हणून खालीसुद्धा ठेवली नव्हती. मामंजी कुणाचा हात न धरता, भिंतीला खेटत खेटत बाथरूममध्ये गेले. दार लोटलं. आम्ही तिघं बाहेर, दाराला कान लावून.  आतून जोडावरून नख फिरवल्याचा आवाज. मग मामंजी म्हणाले, "सूनबाई."

"काय मामंजी?"

"जोड नंबरी आहे. माझ्या हातून असा झाला नाही."

तुम्हाला सांगते, तीस वर्षांत पहिल्यांदा. मी वन्संकडे बघितलं. वन्संनी पिशवीकडे बघितलं.

"पण," मामंजी म्हणाले.

"पण काय?"

"आत येऊन बघ."

आत गेले. मामंजी उभे. दांडा उजव्या बाजूला. आणि उजव्या बाजूला मामंजींचा तो झोळीतला हात, प्लॅस्टरमधला, दांड्याला टेकलेला. म्हणाले, "आता धरू कशाने? दाताने?"

बारा दिवस ते प्लॅस्टर आम्ही बघतोय. त्याला उशी देतोय. माश्या हाकलतोय. आणि भोकं पाडली उजवीकडे, का, तर जन्मभर मामंजींनी होल्डर उजव्या हाताने धरला म्हणून. डोळ्यांसमोरची उलटी वायर कुणाला दिसली नाही. मला नाही, यांना नाही. वन्संना दिसली होती की काय, देव जाणे, त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

हे बाहेरूनच म्हणाले, "त्यात काय, चारच तर बोल्ट."

पण डाव्या बाजूला नळ. नळ हलवल्याशिवाय दांडा बसत नाही, आणि नळवाला म्हणतो, "येतो बाई, दोनच तर पाइप आहेत." त्याला आज आठवा दिवस.

त्या शुक्रवारी वन्संनी पिशवी अजून हातातच धरली होती. तर मामंजी त्यांना म्हणाले, "ठेव ती खाली. दांडा घरात आलाय, बाजू चुकली तर चुकली. मी बोललो होतो, दांडा झाला तर घरी."

तोवर? तोवर काय. सुनेने धरून नेलेलं चालणार नव्हतं ना? मी धरत नाही हो. मी नळाकडे तोंड करून, डोळे मिटून डाव्या बाजूला उभी राहते, आणि तेच माझा खांदा धरून बसतात. दिवसातून पाच वेळा. उजवीकडे स्टेनलेसचा दांडा नुसता चमकतोय, आणि डावीकडे मी.